अकाली मेलेले गायक आणि आपली आठवण

सावनेर हे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एका मृत्यूमुळे आले. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांचे सावनेरला निधन झाले. वय अवघे ३३. 'एकच प्याला' त्यांनी रंगभूमीवर पाहिलेच नाही. ते नाटक त्यांच्यामागे महिनाभरात गंधर्व नाटक मंडळीने केले. 'राजसंन्यास' तर अपुरेच राहिले. तरी शंभर वर्षांनंतर गडकऱ्यांचे काय उरले ते बघा. नाटके छापलेली आहेत, कविता 'वाग्वैजयंती'त आहेत, ठाण्याच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, पाठ्यपुस्तकांत धडे आहेत. 'राजसंन्यास'मधील संभाजीराजांच्या चित्रणावरून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या उद्यानातला त्यांचा पुतळा उखडला गेला, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. ज्याचे लिहून ठेवलेले असते, त्याच्याशी मेल्यावर शंभर वर्षांनी भांडतासुद्धा येते.

गडकऱ्यांच्या आठवणीबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न आपल्या लोकांना आहे. आपल्या चळवळीचे जे गायक अकाली गेले, त्यांच्याशी भांडण्याइतके तरी आपण जपून ठेवले आहे काय?

आधी थोडे बाहेरचे बघू. अमेरिकेत रॉक अँड रोल नुकते उभे राहत होते तेव्हाची गोष्ट. ३ फेब्रुवारी १९५९ च्या पहाटे आयोवा राज्यात एक छोटे विमान कोसळले. त्यात बडी हॉली (वय २२), रिची व्हॅलेन्स (वय १७) आणि 'बिग बॉपर' नावाने गाणारे जे. पी. रिचर्डसन (वय २८) ठार झाले. या तिघांवर पुस्तके आहेत, चित्रपट आहेत, दरवर्षी स्मृतीचे कार्यक्रम होतात. पण ते विमानात का बसले हे फार कमी लोक सांगतात. ऐन हिवाळ्यात रोज नव्या गावी कार्यक्रम, शेकडो मैलांचा प्रवास आणि बसमधली उष्णतेची यंत्रणा बंद. थंडीने त्यांच्या ढोलवादकाचे पाय इतके गारठले की त्याला दवाखान्यात ठेवावे लागले. पुढच्या गावी लवकर पोचून थोडी झोप मिळावी, कपडे धुऊन व्हावेत म्हणून हॉलीने विमान भाड्याने घेतले. याला लोक नियती म्हणतात. आम्ही याला कामाची परिस्थिती म्हणतो.

यातला रिची व्हॅलेन्स मूळचा रिचर्ड व्हॅलेन्झुएला, मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरातला मुलगा. रेकॉर्ड गोऱ्या गिऱ्हाइकांत खपावी म्हणून त्याचे आडनाव कापून छोटे केले गेले. आडनाव लपवण्याचा अर्थ आपल्या तरुणांना समजावून सांगावा लागत नाही.

आणि ज्या काळ्या गायकांच्या संगीतावर हे सगळे उभे राहिले, त्यांचे काय? ब्लूजची सम्राज्ञी म्हटली गेलेली बेसी स्मिथ १९३७ मध्ये मोटार अपघातात वारली. तिच्या रेकॉर्डवर कंपनीने भरपूर कमावले. तिच्या थडग्यावर मात ३३ वर्षे नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो १९७० मध्ये बसला. पैसे दिले गायिका जॅनिस जॉप्लिनने आणि हुआनिता ग्रीन या काळ्या स्त्रीने. ग्रीन लहानपणी बेसीच्या घरी काम करत असे. दगड बसल्यावर दोनच महिन्यांत जॅनिस स्वतः २७ व्या वर्षी गेली.

आता आपल्याकडे या. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ साठे गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. त्यानंतर सहा आठवड्यांत, २९ ऑगस्टला, लालबावटा कलापथकातले त्यांचे सोबती शाहीर अमर शेख रस्त्यावरच्या अपघातात गेले. वय ५२. ज्या आवाजांनी संयुक्त महाराष्ट्राचे रान उठवले, ते दोन आवाज त्या राज्याच्या स्थापनेनंतर दहा वर्षेही टिकले नाहीत. 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करणारे अण्णाभाऊ हलाखीत गेले. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. मेल्यावर ५३ वर्षांनी परदेशात पुतळा, आणि जिवंतपणी स्वतःच्या मुंबईत चिरागनगरची झोपडी!

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे मारली गेली. त्या दुःखात चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपले आयुष्य संपवले. वय ५०. आनंद पटवर्धन यांच्या कॅमेऱ्याने पूर्वी त्यांचे गाणे टिपले होते, आणि पुढे चौदा वर्षे खपून त्यांनी 'जयभीम कॉम्रेड' केला, म्हणून घोगऱ्यांचा आवाज आज ऐकू येतो. तो कॅमेरा नसता तर?

१३ जून २०१८ रोजी नाशिकला शाहीर शंतनू कांबळे आजारपणात गेले. वय ३९. नक्षलवादी असल्याच्या आरोपावरून २००५ मध्ये त्यांना अटक झाली होती, तुरुंगवास भोगावा लागला होता. समतेला साद घालणारे त्यांचे गाणे आज प्रत्येक मोर्चात असते. ते म्हणणाऱ्या दहा पोरांना विचारा, हे कोणी लिहिले. किती जण नाव सांगतील?

मित्रांनो, इथे दोन चुका होतात. पहिली चूक विसरण्याची. दुसरी चूक उलटी आहे : अकाली मरणाचाच गौरव करण्याची. पश्चिमेत २७ व्या वर्षी मेलेल्या गायकांचा जणू एक क्लबच करून टाकला आहे. आपल्याकडेही 'शाहीर फकीरच असतो', 'कलावंताला व्यसन असायचेच' असे कौतुकाने बोलले जाते. हे बोलणे सोयीचे आहे. कारण एकदा मरण नशिबावर टाकले की मानधन, प्रवास, औषधपाणी यांची जबाबदारी कोणावर येत नाही. विभूतिपूजेपासून सावध राहा, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून आम्ही म्हणतो की गायक हा कामगार आहे.

एप्रिल-मे महिन्यांत सावनेर, कळमेश्वर, पारशिवनीच्या वस्त्यांत भीमजयंतीचे कार्यक्रम चालतात. गायक-वादक रात्री दोनला मंचावरून उतरतात आणि तशाच झोपेत टेम्पोने पुढच्या गावाला निघतात. १९५९ च्या त्या बसमध्ये आणि या टेम्पोत काय फरक आहे? साउंडवाल्याचे आणि मंडपवाल्याचे पैसे आधी ठरतात. ढोलकीवाल्याचे शेवटी, उरले तर.

सरकारची वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना आहे. तिला किमान वय ५० लागते. ३९ व्या वर्षी मरणाऱ्या शाहिराला ही योजना काय कामाची? कायदा मात्र आपल्या बाजूने थोडा आहे. गीतावरचा लेखकाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला आहे. पण ज्याच्या गाण्याची वहीच वाळवीने खाल्ली, तो हक्क सांगणार कशाच्या आधारावर?

भीमराव कर्डकांनी १९७८ मध्ये आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिले, म्हणून जलशांच्या त्या पिढीचा इतिहास हाती लागतो. बाबासाहेबांची दहा भाषणे आणि एक जलसा सारखाच, असे आपण अभिमानाने सांगतो. भाषणांचे खंड निघाले. जलशांचे खंड कुठे आहेत?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. आपापल्या वस्तीतल्या गायकाच्या घरी जा. वही असेल तर तिचे फोटो काढा, कॅसेट असेल तर ती मोबाईलवर उतरवून घ्या. जन्म-मृत्यूची तारीख, गाव, कोणाच्या पार्टीत गायचे, ढोलकी कोण वाजवायचे, हे सारे लिहून ठेवा. गाणे पाठवताना खाली लिहिणाऱ्याचे नाव टाका. जयंती मंडळाच्या अंदाजपत्रकात कलावंतांचे मानधन पहिल्या ओळीत धरा आणि त्यांच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय करा. जो आज गातो आहे, तो साठ-सत्तर वर्षांचा होऊन गाताना दिसला पाहिजे.

गडकऱ्यांची तारीख सावनेरला पाठ आहे, आणि असावी. १५ जुलै आणि १३ जून याही तारखा सावनेरने पाठ कराव्यात. बेसी स्मिथच्या थडग्यावर दगड बसायला ३३ वर्षे लागली, आणि त्या पैशांत तिच्या घरी काम केलेल्या मुलीचा वाटा होता. आपल्या शाहिरांचा दगडही आपल्यालाच बसवायचा आहे.

जय भीम!