पावसाळ्यात तडकणारी काडतुसं

पितळेचं पातेलं कळकलं तर चिंच लावून घासायचं, की झालं काम. पितळेचं दुखणं एवढंच, असा आपला समज. पण हेच पितळ काडतुसाच्या पुंगळीत गेलं आणि एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला त्याने चांगलंच सतावलं.

पावसाळ्यात मोहिमा थंडावायच्या. दारूगोळा कोरडं ऊन पडेपर्यंत पागेत, म्हणजे घोड्यांच्या तबेल्यात ठेवला जायचा. पाऊस संपल्यावर बघावं तर बऱ्याच पुंगळ्या तडकलेल्या! गोळी झाडलेली नाही, कुणी आपटलेलं नाही, नुसत्या पडून पडून चीर गेलेली. फुटक्या पुंगळीत ओल शिरली की दारूचा भरवसा संपला. मग या प्रकाराला नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. ऋतूमुळे तडकतं, म्हणून ऋतूचं नाव.

माझ्या मते हे नावच दिशाभूल करणारं आहे. दर एक तारखेला सर्व्हर पडत असेल तर दोष तारखेचा नसतो, त्या दिवशी चालणाऱ्या कुठल्यातरी जॉबचा असतो. तसंच हे.

आता थोडं मागे जाऊ. मार्टिनी-हेन्री रायफलची सुरुवातीची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असे. ती तापलेल्या रायफलीत फाटायची, अडकायची. सुदानात १८८५ साली अबू क्लीच्या लढाईत ऐन वेळी रायफली अडकल्याच्या तक्रारी झाल्या. यावर उपाय म्हणजे एकसंध पुंगळी: ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त, अशा पितळेची चकती साच्यातून थंडच दाबत, ओढत लांब करायची. पुंगळी मजबूत झाली खरी, पण या ओढाताणीचा ताण धातूच्या आतच राहून गेला. वरून काही दिसत नाही!

कोडं नीट उलगडलं ते १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की तडकायला दोन गोष्टी एकत्र लागतात: आतला ताण आणि बाहेरचा अमोनिया. तबेल्यात अमोनिया कुठून आला? घोड्यांच्या मुतातून! सोबत पावसाळी दमट हवा होतीच. अमोनिया धातूच्या कणांच्या सीमा पोखरतो आणि ताण ती फट उघडत नेतो. दोन्हींपैकी एक काढून घेतलं की पुंगळी शाबूत.

घोडे हलवण्यापेक्षा ताण काढणं सोपं. साधारण २५०-३०० अंश सेल्सियसला पितळ तापवलं की ताण सुटतो, कडकपणा मात्र फारसा जात नाही. ठोकून ठोकून कडक झालेलं भांडं भट्टीत घालून मऊ करायचं, हे आपल्या तांबट आळीला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतंच. पण पुंगळीचं प्रकरण नाजूक आहे. तोंड मऊ हवं, बूड कडकच हवं, कारण स्फोटाचा दाब बुडावर येतो. ते मऊ पडलं तर रायफल चालवणाऱ्याच्या तोंडावरच बेतायचं.

परदेशात पुंगळ्या पुन्हा भरून वापरणाऱ्या नेमबाजांना हे दुखणं आजही भेटतं, फक्त कारण बहुधा वेगळं असतं. दर वेळी झाडताना तोंड फुगतं, मग साच्यात दाबून आवळतात, आणि दरवेळी धातू कडक होत जातो. अशी पुंगळी सहसा झाडताना फुटते. डब्यात नुसती पडून फुटली तर संशय ताणावर आणि अमोनियावर. म्हणूनच अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिश पुंगळ्यांना लावू नये म्हणतात. फुटकी पुंगळी मात्र कारण कुठलंही असो, थेट भंगारात.

अनेक लष्करी काडतुसांच्या मानेवर जो निळसर-तपकिरी डाग दिसतो, तो तापवल्याचा. मुद्दाम न पुसता ठेवलेला.