सूतिकागार व सुईण

प्रसूतीच्या सोयीविषयीं लोकांस काय वाटत होतें, हें राजकीय कागदांवरून फारसें कळत नाहीं. मोहिमा, सनदा व वतनांचे तंटे यांनीं दफ्तरें भरलीं आहेत.

ग्रंथांत मात्र सामग्री आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानांत, दहाव्या अध्यायांत, सूतिकागार आठ हात लांब व चार हात रुंद असावें आणि त्याचें दार पूर्वेस किंवा दक्षिणेस असावें, असें सांगितलें आहे. परिचर्येस चार स्त्रिया. त्या प्रौढ, प्रसूतिकर्मांत कुशल व नखें कापलेल्या असाव्या. नखांचा हा उल्लेख आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. परंतु ग्रंथांत विधान आहे एवढ्यावरून तें घरोघर पाळलें जात असे असें धरून चालणें, ही आपल्या पंडितांची जुनी खोड होय. बारा बलुत्यांच्या रूढ याद्यांत सुईण नाहीं. पुष्कळ गांवीं हें काम मातंग स्त्रीकडे असे. एरवीं जिला उंबऱ्याबाहेर उभी करीत, तिलाच त्या घडीस आंत बोलावीत.

लोकभावनेचा स्पष्ट पुरावा इ. स. १८८३ चा आहे. त्या वर्षीं फेब्रुवारींत बंगाल्यांतील सिरामपूर येथें आनंदीबाई जोशी यांनीं आपल्या अमेरिकागमनाचें कारण जाहीर सभेंत सांगितलें. पुरुष डॉक्टरांकडून उपचार करून घेण्यास स्त्रिया कचरतात. परदेशांतून आलेल्या स्त्री-डॉक्टर आहेत, पण भाषा व चालीरीति निराळ्या असल्यामुळें त्यांचा व्हावा तितका उपयोग होत नाहीं, असा त्यांचा आशय होता. म्हणजे दवाखाना असणें निराळें व तेथें जातां येणें निराळें, हा भेद त्यांनीं तेव्हांच ओळखिला होता. त्यांचें स्वतःचें मूल अवघ्या दहा दिवसांचें होऊन गेलें होतें. इ. स. १८८६ त फिलाडेल्फिया येथें त्या एम्. डी. झाल्या, प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली, परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या क्षयानें वारल्या.

गांवच्या सुइणीविषयीं घरच्या माणसांस काय वाटे, हें मात्र अद्यापि शोधावयाचें आहे. बारामती व इंदापूर तालुक्यांतील संग्राहकांस आमची विनंती येवढ्याचसाठीं आहे. मोरोपंतांच्या गांवीं आर्यांची पोथी कोणी टाकणार नाहीं. भीति आहे ती घरखर्चाच्या मोडी वह्यांची. सुइणीस दिलेला शिधा, लुगडें वा नाणें यांची नोंद आढळल्यास तिची मिति, रक्कम व गांव यांसह अक्षरशः नक्कल उतरून ठेवावी. सुइणीचें नांव दिलें असल्यास तें अवश्य घ्यावें.