प्लीहा काढल्यानंतर: ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नका

प्लीहा, म्हणजेच पाणथरी, पोटात डावीकडे बरगड्यांखाली असते. अपघातात ती फुटली, किंवा थॅलेसेमियासारख्या आजारात गरज पडली, तर शस्त्रक्रियेने काढतात. तिच्याशिवाय माणूस नीट जगतो. जखम पूर्ण भरल्यावर शेतातली कामे, नोकरी, संसार सगळे जमते. वेगळे पथ्य लागत नाही.

मग काळजी कशाची?
न्यूमोकोकससारखे जाड आवरणाचे जंतू रक्तातून गाळण्याचे प्लीहेचे काम दुसरा कोणताही अवयव पूर्णपणे करत नाही. असा संसर्ग क्वचितच होतो, पण झाल्यास काही तासांत जीव धोक्यात येऊ शकतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत धोका जास्त असतो. तो आयुष्यभर राहतो.

ताप आल्यास
- १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हुडहुडी, उलट्या, गुंगी यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी निघा.
- डॉक्टरांनी घरी ठेवायला अँटिबायोटिक दिले असेल तर पहिला डोस लगेच घ्या. बरे वाटले तरी रुग्णालयात जाच.
- जिंतूर किंवा गंगाखेडकडच्या गावातून थेट परभणी गाठण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या रुग्णालयात उपचार सुरू करून घ्या.
- पोहोचताच सांगा: "प्लीहा काढलेली आहे." तशी चिठ्ठी खिशात ठेवा.

लसी
न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसी घ्या. फ्लूची लस दरवर्षी. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर किमान २ आठवडे आधी, तातडीने झाली असेल तर साधारण २ आठवड्यांनी. काही लसींचे डोस पुन्हा घ्यावे लागतात. तारखा लिहून ठेवा. लस घेतली तरी तापाचा नियम तोच. लहान मुलांना रोज पेनिसिलिन देतात. ते मनाने बंद करू नका.

हेही लक्षात ठेवा
- मलेरिया गंभीर होऊ शकतो. मच्छरदाणी वापरा.
- कुत्रा चावल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा. रेबीजच्या लसीसोबत अँटिबायोटिकही लागते.
- शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत पोट खूप दुखले किंवा पाय सुजला तर रक्ताची गुठळी झालेली असू शकते. लगेच दाखवा.

घरातल्या प्रत्येकाला तापाचा नियम माहीत हवा. रुग्ण गुंगीत असेल तर निर्णय त्यांनाच घ्यायचा असतो.