पाटणचे बोलके दगड

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, अजिंठ्याच्या डोंगराच्या कुशीत पाटण म्हणून एक ठिकाण आहे. एकेकाळचे हे नांदते नगर आज ओस आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला मात्र माणसे लोटतात. जवळच महादेवाचे जुने दगडी देऊळ आहे.

असले बिनचुन्याचे देऊळ दिसले, की ते कोणी बांधले याचे आपले उत्तर ठरलेले. हेमाडपंताने! या पंताने म्हणे लंकेच्या बिभीषणाचे दुखणे बरे केले आणि बक्षीस म्हणून राक्षस गवंडी मागून आणले. कोणी सांगतो, पांडवांनी एका रात्रीत देऊळ उभे केले. गोष्टी गोड आहेत. पण देवळातला कोरीव लेख काय सांगतो?

तो लेख शके १०७५ चा, म्हणजे सन ११५३ चा आहे. हेमाडपंत यादवांचा मंत्री झाला तो त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी! देऊळ आरंभिले निकुंभ घराण्यातील इंद्रराजाने. तो वारल्यावर राणी श्रीदेवी हिने लहान मुलाच्या वतीने राज्य सांभाळले, आणि त्या मुलाने, गोवनाने, बापाचे काम तडीस नेले. बिभीषण सर्वांना ठाऊक. ही खानदेशची राणी कोणाला ठाऊक आहे?

दुसरा लेख भवानीच्या देवळातला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली विद्वानांपुढे ठेवला. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. आचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने इथे मठ काढला आणि सोईदेव निकुंभाने त्याला दान दिले. शके ११२८ मधील या दानाचा दिवस, किलहॉर्न यांच्या गणिताप्रमाणे, ९ ऑगस्ट १२०७. त्या दिवशी चंद्रग्रहण होते.

भास्कराचार्य म्हटले की आपल्याला लीलावती आठवते. घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, आणि बापाने मुलीच्या समाधानासाठी ग्रंथाला तिचे नाव दिले. ही कथा फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते. म्हणजे आचार्यांच्या जन्मानंतर पावणेपाचशे वर्षांनी. पाटणच्या लेखात लीलावती नाही. त्यात मुलगा लक्ष्मीधर आहे, नातू चांगदेव आहे, आणि शेवटी जुन्या मराठीत बाजाराचा हिशेब आहे. गावात जो माल विकायला निघेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून मिळणारे सरकारी उत्पन्न मठाला. आणि तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल!

गणिताची ही शाळा कोणा राक्षसाने चालविली नाही. तिला राजाने दान दिले, गिऱ्हाइकाने पैसा दिला, तेल्याने तेल घातले. दंतकथेने एका थोर पंताला सारे श्रेय दिले आणि ही माणसे पुसून टाकली. दगडाने त्यांना जपले.

तेव्हा मंडळी, मुलांना मोत्याची गोष्ट जरूर सांगा. पण तिच्या जोडीला पाटणच्या त्या तेल्याची पळीही सांगा. ती खरी आहे, आणि आपल्याच खानदेशातली आहे.