नऊ धावांचे ऋण

विक्रम ‘मोडला’, असे आपण सहज म्हणून जातो. मोडलेली वस्तू अडगळीत पडते, हे आपल्या घरातले वास्तव. मोडलेला विक्रमही तसाच अडगळीत जावा काय? आकडा मागे पडला, तरी तो आकडा माणसाच्या आवाक्यातला आहे हे ज्याने प्रथम दाखवून दिले, त्याचे ऋण फिटते का? क्रिकेटच्या इतिहासातील काही प्रसंग या संदर्भात आम्हांस पुनःपुन्हा आठवतात.

पहिला प्रसंग पुण्याचा, डिसेंबर १९४८ मधला. रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. प्रथम श्रेणीतील तेव्हाचा उच्चांक होता डॉन ब्रॅडमन यांचा, नाबाद ४५२ धावांचा, १९३० मध्ये क्वीन्सलंडविरुद्ध केलेला. बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या. परंतु काठियावाडच्या संघाने मध्यंतरानंतर मैदानात उतरण्याचे नाकारले आणि सामना सोडून दिला. असल्या विक्रमात आपले नाव गोवले जाऊ नये, हे त्यामागचे कारण सांगितले जाते.

ब्रॅडमन यांचा विक्रम अशा रीतीने वाचला. पण यात ब्रॅडमन यांचा सन्मान झाला, असे कोणी म्हणणार नाही. निंबाळकरांची खेळी भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळी म्हणून आजही नोंदीत आहे. त्यांना अधिकृत कसोटी मात्र एकही खेळायला मिळाली नाही. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

याच्या उलट चित्र १९३८ च्या ओव्हल कसोटीत दिसते. लेन हटन यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३६४ धावा केल्या. ब्रॅडमन यांची १९३० मधील ३३४ धावांची खेळी त्यांनी ओलांडली, तेव्हा ब्रॅडमन प्रतिस्पर्धी कर्णधार म्हणून मैदानावरच होते. त्यांनी पुढे होऊन हटन यांचा हात हाती घेतला. कसोटीतील उच्चांक तोवर वॉली हॅमंड यांच्या नावावर होता, नाबाद ३३६ धावांचा. आणि हॅमंड त्या दिवशी हटन यांचेच कर्णधार होते! मागे पडलेले दोघेही त्या क्षणाचे साक्षीदार ठरले.

हटन यांना १९५८ मध्ये गारफिल्ड सोबर्स यांनी नाबाद ३६५ धावा करून मागे टाकले. छत्तीस वर्षांनी, १९९४ मध्ये, ब्रायन लाराने अँटिग्वाला ३७५ धावा केल्या, तेव्हा सोबर्स स्वतः चालत मैदानात आले आणि त्यांनी लाराला मिठी मारली. तीत आपल्या हातून काही निसटल्याची खंत नव्हती. वारसा सोपवल्याचे समाधान होते. पुढे २००३ मध्ये मॅथ्यू हेडनने ३८० धावा केल्या आणि २००४ मध्ये लाराने नाबाद ४०० धावा करून तो मान परत मिळवला.

जुलै २०२५ मध्ये बुलावायोला दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार वियान मुल्डर ३६७ धावांवर नाबाद होता. हाती वेळ असतानाही त्याने डाव घोषित केला. हा विक्रम लारासारख्या थोर खेळाडूकडेच राहावा, अशी त्याची भावना होती. तिच्या निर्मळपणाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु लाराचे मत निराळे होते, विक्रमासाठी प्रयत्न करायला हवा होता असे तो म्हणाला, हे पुढे खुद्द मुल्डरनेच सांगितले. पूर्वसुरींचा आदर त्यांच्या अलीकडे थांबण्यात असतो की त्यांच्या पलीकडे जाऊन त्यांचे नाव घेण्यात? आम्हांस दुसरा मार्ग अधिक आदराचा वाटतो. थांबल्याने विक्रम अबाधित राहतो, पण परंपरा पुढे सरकत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना हे नवे नाही. गीतेवर आपली स्वतंत्र वाट घडवणाऱ्या ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या अखेरीस व्यासांचे आणि भाष्यकारांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. त्याने त्यांच्या प्रतिभेला उणेपणा आला नाही. आज मात्र आमच्यासमोर येणाऱ्या प्रबंधांत ‘या विषयावर यापूर्वी कोणीही काम केलेले नाही’ हे वाक्य हटकून आढळते. चाळीस वर्षांपूर्वी कोणी हस्तलिखिते चाळून जी वाट मळून ठेवली, तीवरूनच चालत येऊन हे वाक्य लिहिलेले असते. ते खोडायला सांगताना विद्यार्थ्याचा चेहरा उतरतो. आपले श्रेय कोणी काढून घेत आहे, असे त्याला वाटते. त्याला दोष तरी कसा द्यावा? ‘आद्य’ आणि ‘पहिला’ या शब्दांना गुण देण्याची सवय आम्हीच लावली आहे.

अशा विद्यार्थ्याला आम्ही ओव्हलची गोष्ट सांगतो. हटन यांची ३६४ ही संख्या मोठी वाटते, ती ३३४ आणि ३३६ माहीत असल्यामुळे. मागचे आकडे पुसले, तर पुढच्या आकड्यालाही अर्थ उरत नाही.