जुन्या मोटारींची क्लचदुरुस्ती

एंजिनाची गती गिअरपेटीकडे जोडणारा व पायाच्या दाबाने तोडणारा भाग म्हणजे क्लच. पन्नास-शंभर वर्षांच्या मोटारीसाठी त्याचे तयार सुटे भाग क्वचितच मिळतात. त्यामुळे झिजलेला भागच पुन्हा कामाचा करावा लागतो.

अशा जुन्या गाडीचे एक उदाहरण अहिल्यानगरात पाहता येते. या शहरात लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र असून, १९९४ साली सुरू झालेल्या त्याच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती मोटार आहे. सिल्व्हर घोस्टचा क्लच शंकूच्या आकाराचा. त्या पिढीच्या अशा क्लचांवर बहुधा चामडे चढवलेले असे. चामडे सुकले की गाडी झटका देऊन सुटे. मग त्याला एरंडेल किंवा जनावरांच्या खुरांचे तेल पाजत. तेल जास्त झाले की क्लच घसरे आणि त्यावर मुलतानी माती भुरभुरत. हा उपाय तात्पुरताच. चामडे झिजून रिवेटांची डोकी वर आली असतील तर ते बदलावेच लागते. नवे चामडे कमानीच्या आकारात कापून भिजवतात, शंकूवर ताणून बसवतात आणि तांब्याचे रिवेट पृष्ठभागाखाली राहतील असे मारतात. वाळल्यावर ते लेथवर हलक्या हाताने समतल करतात.

पुढे एकाच चकतीचा क्लच रूढ झाला. मुंबईत जोडल्या गेलेल्या विलीज जीप आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी यांत तोच आहे. यात झिजते ते प्रामुख्याने चकतीवरचे लायनिंग. चकतीचा मधला खाचेदार भाग व स्प्रिंगा शाबूत असतील तर जुने लायनिंग काढून तेवढ्याच जाडीचे नवे रिवेट करता येते. मूळ चकती फेकून देणे हा निव्वळ अपव्यय होय. फ्लायव्हील व प्रेशर प्लेटवर निळे डाग, तडे किंवा खोल चरे आहेत का ते पाहावे. चरे असल्यास लेथवर लागेल तेवढाच थर काढावा; खोल तडे असल्यास भाग बदलावा. प्रेशर प्लेटच्या सर्व बोटांची उंची सारखी नसेल तर नव्या लायनिंगनेही क्लच थरथरतो. चांगले लायनिंगही तेलाने निकामी होते, म्हणून क्रँकशाफ्टचे मागील तेलसील आधी तपासावे.

जुन्या लायनिंगमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, योग्य मास्क वापरावा.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ ठरतात. चॅसी, बॉडी व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. गाडीत दुसरे एंजिन व गिअरपेटी बसवून क्लचची अडचण सोडवणाऱ्या मालकाने ही अट आधी वाचावी.