सरळ सुटणारी जोडी

शर्यतीची गाडी जोरात पळावी असे सगळ्यांनाच वाटते. पण ती सरळ पळावी म्हणून कोणी काय खटाटोप केला, हे सहसा कोणी विचारत नाही. शंकरपटाच्या मैदानावर हजारोंची गर्दी असते, जिंकलेल्या जोडीवर गुलाल उधळला जातो, बैलांची आणि हाकणाऱ्याची नावे तोंडोतोंडी होतात. गाडी ज्याने बांधली त्या सुताराचे नाव मात्र कोणाला ठाऊक नसते. मी यंत्रशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आणि माझे गाव कंधार तालुक्यातले. त्यामुळे माझे लक्ष बैलांइतकेच त्यांच्या मागच्या दोन चाकांकडे जाते.

अमेरिकेत ड्रॅग रेस नावाचा मोटारींचा खेळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर हौशी पोरे मोटारी पळवत. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी या खेळाची राष्ट्रीय संघटना उभी केली. रस्ता सरळ, वळण एकही नाही. अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. तुम्ही म्हणाल, सरळच तर जायचे, त्यात काय अवघड? पण अवघड तेच आहे. मोटार जागेवरून सुटते त्या क्षणी इंजिनाचा पीळ मागच्या आसावर येतो. जुन्या घडणीच्या मोटारीत हा पीळ डावे चाक जमिनीवर दाबतो आणि उजवे उचलू पाहतो. दाबलेल्या चाकाची पकड जास्त, म्हणून त्याची ढकलही जास्त. साहजिकच मोटार उजवीकडे ओढ घेते. मग कारागीर मागच्या स्प्रिंगा आणि दांड्या पुन्हा लावतो, उजव्या बाजूला आधीच थोडा दाब देऊन ठेवतो. दोन्ही चाकांवर सारखा भार आला की मोटार रेघ मारल्यासारखी निघते.

हे वाचताना मला आमच्या गावच्या सुताराचे दोन शब्द आठवले: ‘धुरजड’ आणि ‘उलाळ’. गाडीत पुढच्या बाजूला भार जास्त झाला आणि जू बैलांच्या मानेवर रुतू लागले, की गाडी धुरजड. भार मागे गेला, दांडी आभाळाकडे उठू लागली, की ती उलाळ. मराठी माणूस हे शब्द आता विसरत चालला आहे; पण मोटारीचे कारागीर भार पुढे सरकला, मागे सरकला असे ज्याविषयी अहोरात्र बोलतात, ते आपल्या भाषेने एकेका शब्दात बांधून ठेवले होते.

इथे एक गंमत आहे. ड्रॅगच्या मोटारीला जोर मागच्या चाकांतून मिळतो, म्हणून सुटताना भार मागे जावा अशीच तिथे योजना असते. आपल्या गाडीचे इंजिन पुढे चालते, आठ पायांवर. पटाच्या हलक्या गाडीवर उभा असलेला धुरकरी, म्हणजे गाडी हाकणारा, बैलांनी झेप घेताच मागे फेकला जातो. त्याचा भार आसाच्या मागे गेला की दांडी उठते आणि गळ्याखालचा पट्टा घशाला आवळतो. ज्या बैलाला तो जास्त आवळेल तो बिचकतो, आणि जोडी तिरपी जाते. म्हणून जाणता धुरकरी सुटण्याआधीच गुडघे वाकवून पुढे झुकतो.

हे सगळे नवे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे खोड खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. एक लांबलचक दांडी, तिच्या टोकाला जू, जुवाखाली दोन बैल आणि मागे उभा असलेला माणूस. वस्तू साडेतीन हजार वर्षांहून कमी जुन्या नाहीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो रथ शर्यतीचा होता असे मी म्हणणार नाही. पण एक दांडी, एक जू, दोन बैल आणि उभा सारथी ही मांडणी तेव्हापासून आपल्याकडे आहे, हे तर डोळ्यांना दिसते.

आता या मांडणीतली मेख पाहा. दोन बैल कधीच सारखे नसतात. एक अंगाने भरलेला, दुसरा उमदा पण हलका. जू दांडीला अगदी मधोमध बांधले, तर जोरकस बैल पुढे जातो, दुसरा मागे राहतो आणि जू तिरके होते. यावर जुना उपाय असा, की जू ज्या ठिकाणी दांडीला बांधायचे ती जागा जोरकस बैलाच्या बाजूला बोटभर सरकवायची. तराजूचा काटा जिकडे सरकवावा तिकडची बाजू जास्त वजन उचलते, तसेच हे. जोरकसाच्या वाट्याला जास्त ओढ येते, हलक्याच्या वाट्याला कमी, आणि जू आडवे राहते. ड्रॅगवाल्या कारागिराने स्प्रिंगेला दिलेला दाब आणि आपल्या शेतकऱ्याने सरकवलेली ही बोटभर जागा, या दोहोंत मला तरी फरक दिसत नाही.

दुसरी तपासणी आसाची. आस दांडीला काटकोनात नसेल, तर बैल कितीही गुणी असोत, गाडी एका अंगाला ओढणारच. मी लहानपणी पाहिलेले सुतार यासाठी काटकोन्या वापरत नसत. दांडीच्या टोकाला दोरी धरायची, ती आसाच्या एका टोकापर्यंत ताणायची, गाठ मारायची आणि तीच दोरी दुसऱ्या टोकाला न्यायची. गाठ जुळली की आस सरळ. भूमितीच्या पुस्तकातला समद्विभुज त्रिकोण मला पुढे शाळेत भेटला, पण ओळख आधीचीच होती.

आमच्या भागाला बैलांचे वैभव मोठे. नांदेड जिल्ह्यात लाल कंधारी, एका रंगाचा, मध्यम बांध्याचा, उन्हात टिकणारा. लातूरकडे देवणी, तिच्यात पांढराशुभ्र बाळंक्या, काळ्या तोंडाचा वानेरा आणि ठिपक्यांचा शेवरा असे प्रकार. माळेगावला खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात ही जनावरे आजही मिरवतात. अर्थात नुसत्या पळण्यात खिल्लारचा हात कोणी धरणार नाही, हे मान्य करायला हवे. आमचे बैल ओढीचे. काळ्या चिखलात रुतलेली गाडी हिसका न देता बाहेर काढणे हा त्यांचा गुण. किनवट, माहूर, हदगाव या विदर्भाला लागून असलेल्या पट्ट्यात शंकरपटाची हौस जास्त; तिथे पूर्वी झेंडी आणि घड्याळ असे, आता सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारी यंत्रे आली आहेत.

या खेळाची दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून चालणार नाही. जोडी वाकडी जाऊ लागली की दोन मार्ग असतात. एक, गाडी थांबवून जू आणि आस तपासणे. दुसरा, मागे पडणाऱ्या बैलाला पराणीची आर टोचणे. दुसरा मार्ग सोपा आणि झटपट. बक्षिसे वाढली, तसा तो वाढला. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने बैलाला खेळात वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत घातले, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर या शर्यतीही बंद केल्या. आपल्या विधिमंडळाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ती अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता काठी, चाबूक, टोचणी यांना नियमाने मनाई आहे.

त्या साडेसात वर्षांत काय गेले, याचा हिशेब बहुतेक जण बैलांच्या किमतीत मांडतात. बैल पुन्हा विकत मिळतात. पण लाकडी गाडी बांधणारे हात तोवर दुसऱ्या कामाला लागले होते. तसे ते आधीपासूनच कमी होत होते. टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले, बाभळीची लाकडे मिळेनाशी झाली. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी लोखंडी नळ्या जोडून गाड्या बनवल्या गेल्या. वेल्डिंग करणारा हुशार असतो, पण उलाळ म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेले नसते. नळी हलकी, म्हणून सगळे खूष. आस मात्र बोटभर पुढे की मागे, हे कोणी पाहत नाही. टोचणीला मनाई असताना वाकडी गाडी घेऊन धुरकऱ्याने करायचे काय?

म्हणून गेल्या काही हिवाळ्यांत मी एक वही केली आहे. कंधार, लोहा, उदगीर, देवणी या भागात जे म्हातारे सुतार भेटतात, त्यांच्याकडून दांडीची लांबी, जुवाची रुंदी, आसाची जागा आणि जू बांधण्याची खूण अशी मापे उतरवून घेतो. ते इंच सांगत नाहीत, वीत आणि बोटे सांगतात. मीही तशीच लिहितो, आणि शेजारी त्यांच्या हाताच्या वितीचे माप सेंटिमीटरमध्ये टिपून ठेवतो.